बाजारपेठ सजवायची की चालवायची?

२०२५ च्या डिसेंबरात राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी मतदान झालं. त्याआधी बऱ्याच गावांत काही वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. आता नवे नगराध्यक्ष आलेत, निधीसाठी धावाधाव सुरू होईल, आणि गावोगावी एक प्रस्ताव हमखास पुढे येईल तो मुख्य बाजारपेठेच्या सुशोभीकरणाचा. पेव्हर ब्लॉक, नक्षीदार दिव्यांचे खांब, चौकात गावाच्या नावाचा सेल्फी पॉइंट. दोन वर्षांनी ब्लॉक उखडलेले, निम्मे दिवे गेलेले आणि दुकानदार पूर्वीसारखाच भर दुपारी पेपर वाचत बसलेला, हे चित्रही आपल्या ओळखीचंच आहे.

पैसा खर्च होतो, तरी पेठ का उठत नाही? जगातल्या कितीतरी लहान शहरांनी गेली पन्नास वर्षं ठेचा खात याचं उत्तर शोधलं. पेठ एकदा बांधून होत नाही, ती रोज चालवावी लागते. आणि आपल्याकडे ती चालवणं हे कोणाचंच काम नाही.

पेठ ओस कशी पडते

एका दिवसात काही होत नाही. आधी गावाबाहेरून बायपास जातो. मग तहसील कचेरी नव्या प्रशासकीय इमारतीत हलते, पाठोपाठ कोर्ट, कधी एसटी स्टँडसुद्धा. सातबाऱ्याच्या कामाला आलेला माणूस पूर्वी परतताना पेठेत चपला घ्यायचा, घड्याळ दुरुस्तीला टाकायचा, मिसळ खायचा. आता तो बाहेरच्या बाहेर परत जातो. डॉक्टरांचे दवाखाने गाडी लावायला जागा असलेल्या रस्त्याकडे सरकतात आणि त्यांच्यामागे औषधांची दुकानं. पेठेतली माणसं फ्लॅटमध्ये राहायला जातात. वाड्याच्या वरच्या मजल्यावर आता रिकामी खोकी, नाहीतर भावकीच्या दाव्यात अडकलेलं कुलूप. वर माणसं राहायची तेव्हा रात्री नऊलाही खाली दिवा असायचा, रस्त्यावर कोणाची तरी नजर असायची. ते गेलं की संध्याकाळनंतर बायकामुली तिथून जायचं टाळतात, आणि मग संध्याकाळचा धंदाही जातो.

इमारती का ढासळतात, यामागे एक कायदेशीर गाठ आहे. ती नीट पाहण्यासारखी आहे. जुन्या पेठेतली बरीच दुकानं पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घेतलेली आणि नंतर नाममात्र भाड्यावर चालत आलेली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे, तिथे जुन्या भाडेकरूचं भाडं मालकाला वर्षाला चार टक्के वाढवता येतं. मूळ भाडं दीडशे-दोनशे असेल, तर आजही ते काही शेकड्यांतच राहतं. याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती मालकाने करायची. त्याने नोटीस मिळूनही केली नाही, तर भाडेकरूने स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. समजा भाडं महिना तीनशे आहे. वर्षाचे झाले ३६०० आणि वळते करता येतील ९०० रुपये. एवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरी सुटते का बघा. मालक म्हणतो, या भाड्यात मी कौलं का बदलू? भाडेकरू म्हणतो, माझं नाही ते मी का बदलू? दोघांचंही बरोबर आहे, आणि पावसाळ्यात भिंत खचते.

पूर्वी पेठेला वाली होता

साताऱ्यात छत्रपती शाहूंच्या काळात पेठा वसल्या, पुण्यात पेशवाईत एकामागून एक नव्या पेठा वसल्या. त्या आपोआप वाढल्या नाहीत. नवी पेठ वसवायची तर बाहेरून व्यापारी-उदमी बोलवायचे, त्यांना कौल द्यायचा, म्हणजे काही वर्षं कर माफ किंवा कमी ठेवायचा लेखी शब्द. पेठेला शेटे आणि महाजन असत. दुकानदार आणून वसवणं, वजनमापांवर लक्ष ठेवणं, भांडणं मिटवणं, सरकारी देणं गोळा करणं ही त्यांची कामं, आणि त्याबदल्यात दुकानांकडून त्यांना हक्क मिळे. ही वतनदारी होती, बापाकडून मुलाकडे जाणारी. तिचे दोष उघड आहेत आणि ती परत आणा असं कोणी म्हणणार नाही. पण पेठेत चार दुकानं बंद पडली तर स्वतःचं उत्पन्न घटतं म्हणून ज्याला झोप लागणार नाही, असा माणूस तेव्हा होता.

आज काय आहे? दुकानासमोरचं गटारावरचं एक झाकण घ्या. ते तुटलं. गटार साफ करतो आरोग्य विभाग, पण झाकण बसवायचं बांधकाम विभागाने. झाकण फुटलं टेम्पोच्या चाकाखाली, कारण माल उतरवायला जागाच नाही, आणि तो विषय वाहतूक पोलिसांचा. टेम्पो पलीकडे घेता येत नाही, कारण तिथे महावितरणचा डीपी आहे. रस्ता राज्यमार्गाचा भाग असेल तर त्याची मालकी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. दुकानदाराने कोणाकडे जायचं? तो नगरसेवकाला फोन करतो, नगरसेवक एक फरशी टाकून देतो, आणि पुढच्या महिन्यात ती फरशीही फुटते. यात कोणी कामचुकार असेलच असं नाही. प्रत्येक खातं आपला तुकडा सांभाळतं, अख्खी पेठ म्हणून कोणी बघत नाही.

मॉलमध्ये हेच सगळं एका माणसाच्या टेबलावर येतं. कोणतं दुकान कुठे, कोणता गाळा रिकामा आणि तिथे कोणाला आणायचं, झाडलोट किती वाजता, माल कोणत्या दाराने, दिवाळीत काय कार्यक्रम, हे ठरवायला तिथे पगारी व्यवस्थापक असतो. उघड्या रस्त्यावरच्या, शेकडो मालक असलेल्या पेठेसाठी हीच कामं करण्याला आपण पेठ व्यवस्थापन म्हणू. या लेखात तेवढा एकच पारिभाषिक शब्द पुरेल.

अमेरिकेत याची पद्धतशीर सुरुवात १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्स या तीन लहान गावांत झाली. तिथला वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय न्यासाला जुन्या इमारती वाचवायच्या होत्या. इमारतीत धंदा चालला तरच ती टिकते, हे त्यांनी ओळखलं. १९८० मध्ये त्यासाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं आणि ही पद्धत देशभर गेली. दुकानदार-मालक-पालिका यांची संघटना, गिऱ्हाईक आणणारे कार्यक्रम, पेठेचं रूप आणि तिचं अर्थकारण अशी चार अंगं एकाच वेळी, थोडी थोडी पुढे न्यायची. आणि यासाठी एक पगारी माणूस नेमायचा. आपल्या सुशोभीकरणात या चारांपैकी फक्त रूप येतं, तेही एकदाच.

पैसा द्यायचा कोणी?

सरकारी निधी बहुतेक वेळा बांधायला मिळतो, चालवायला मिळत नाही. दिव्याचा खांब निधीतून येतो, दिवा गेल्यावर बदलायचा खर्च येत नाही.

टोरंटो शहराच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातल्या दुकानदारांपुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस हाच प्रश्न होता. रस्त्याखालून भुयारी रेल्वे गेली, वरून जाणारं गिऱ्हाईक तुटलं, आणि मॉल उघडले ते वेगळंच. वर्गणी काढून काही करावं तर काही जण देत आणि काही जण फुकट फायदा घेत. शेवटी त्यांनी कायदा करवून घेतला आणि १९७० मध्ये आपल्या हद्दीतल्या प्रत्येक व्यवसायावर ठरावीक रक्कम सक्तीची केली. पालिकेने ती गोळा करायची आणि त्या भागाच्या मंडळाच्या हाती द्यायची. दिवे, फुलझाडं, बाकं, सण-उत्सव यांपासून सुरुवात झाली आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली.

आपल्याला हे कळायला सोसायटीचा मेन्टेनन्स आठवावा. लिफ्ट तळमजल्यावाला वापरत नाही, तरी ठरलेलं देतो, कारण लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीतल्या सगळ्याच फ्लॅटची किंमत उतरते. मेन्टेनन्स ऐच्छिक ठेवला असता तर एकाही सोसायटीची टाकी धुतली गेली नसती.

‘मालमत्ता कर भरतो, आता आणखी कशाला?’ हा दुकानदारांचा आक्षेप रास्तच आहे. म्हणून ब्रिटनमध्ये अशी जादा रक्कम लावण्याआधी तिथल्या व्यावसायिकांचं मतदान घेतात. निम्म्याहून जास्त मतं बाजूने हवीत, शिवाय त्या मतांमागच्या मालमत्तांचं करयोग्य मूल्यही निम्म्याहून जास्त हवं. त्यामुळे चार मोठी दुकानं शंभर लहानांवर निर्णय लादू शकत नाहीत, आणि उलटही होत नाही. मंजुरी जास्तीत जास्त पाच वर्षांची. काम दिसलं नाही तर पुढच्या मतदानात दुकानदार ते मंडळ बंद पाडतात.

आपल्याकडच्या पेठेत अशी सक्ती कोणी करत नाही, म्हणून आपली व्यापारी असोसिएशन दिवाळीच्या माळा आणि बंदची हाक यांपलीकडे जात नाही. पैशाचा आणखी एक झरा मात्र पेठेतच आहे, आणि तो रोज फुकट वाहून जातो.

‘पार्किंगला पैसे लावले तर गिऱ्हाईक फिरकेल का?’

या प्रश्नावर पेठेतल्या सगळ्या बैठका मोडतात, म्हणून इथे जरा थांबू.

सकाळी दहाला पेठेत जा आणि दुकानांसमोर आधी कोणाच्या गाड्या लागतात ते बघा. दुकानदाराची, त्याच्या मुलाची, कामावरच्या पोरांच्या दुचाकी, बँकेतल्या कर्मचाऱ्याची गाडी. त्या रात्री नऊपर्यंत हलत नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकासाठी म्हणून मोकळी ठेवलेली जागा दुकान उघडायच्या आधीच भरलेली असते. मग गिऱ्हाईक दोन फेऱ्या मारतं, सम-विषम तारखेची पाटी वाचतं, टोइंगवाल्याला भितं आणि बायपासच्या दुकानात जातं. दुकानदार म्हणतो, पार्किंग नाही म्हणून धंदा गेला. खरं तर पार्किंग आहे, ते त्याच्याच गाडीखाली आहे.

हिशेब सोपा आहे. एक चारचाकी अकरा तास उभी राहिली तर त्या जागेने दिवसभरात एक गाडी सांभाळली. तीच जागा प्रत्येकाला पाऊण तास मिळाली तर दिवसात चौदा गाड्या. रस्ता एक इंच रुंद न करता, एकही वाडा न पाडता. शुल्काचा उपयोग इथे आहे. पहिला अर्धा तास अगदी स्वस्त, पुढे चढतं, आणि दिवसभर लावणाऱ्यांसाठी पाच-सात मिनिटं चालण्याच्या अंतरावर फुकट किंवा मासिक पासची जागा. अशाने गिऱ्हाईक अडत नाही, दिवसभराची गाडी तेवढी हलते.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराची लोकसंख्या साधारण साताऱ्याएवढी. तिथली जुनी पेठ एकेकाळी पडक्या इमारतींसाठी बदनाम होती. १९९३ मध्ये पालिकेने तिथे पार्किंग मीटर लावायचे ठरवले, तेव्हा दुकानदारांनी कडाडून विरोध केला. तोडगा असा निघाला की मीटरचा पैसा पालिकेच्या सामायिक तिजोरीत जाणार नाही, याच पेठेत खर्च होईल. त्यानंतर तेच दुकानदार मीटर संध्याकाळी आणि रविवारीही चालू ठेवायला तयार झाले. तासाला एक डॉलर दर होता. त्या उत्पन्नाच्या भरवशावर पालिकेने ५० लाख डॉलर उभे केले आणि पदपथ, झाडं, दिवे, मागच्या बोळांची दुरुस्ती केली. पेठेचं रूप पालटलं आणि भाडेकरू परत आले.

मला यातली कळीची गोष्ट शुल्क वाटत नाही, ती अट वाटते. आपल्याकडे ठेकेदार पावती फाडतो, पैसा कुठे जातो ते कोणाला दिसत नाही, म्हणून लोक चिडतात. नगरपरिषदेने ठराव करून हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवला आणि दर महिन्याचा जमाखर्च पेठेतल्या फलकावर लावला, तर तोच माणूस दहा रुपये देताना कुरकुरणार नाही. स्वच्छतागृह हवं असेल, बायकांना निर्धास्त वापरता येईल असं, तर त्याची झाडलोट करणाऱ्याचा पगार याच दहा-दहा रुपयांतून निघेल. लहान शहरांच्या पेठेत लांबच्या गावांहून आलेल्या बायका दिवसभर पाणी न पिता खरेदी करतात. पेठ उठवायची म्हणताना मी तरी पहिली मागणी हीच करीन.

हातगाडीवाले हटवले की रस्ता मोकळा होईल?

दोन दिवस होतो. अतिक्रमणविरोधी गाडी येते, वजनकाटे उचलते, तिसऱ्या दिवशी सगळे जागेवर. कारण ज्या ठिकाणी गिऱ्हाईक आपोआप जमतं तिथेच फेरीवाला बसतो. तो पेठेला गर्दी आणून देतो. भाजीला आलेली बाई शेजारच्या दुकानातून ब्लाउज पीसही घेते.

शिवाय कायदा स्पष्ट आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. आणि जिथे पन्नास वर्षांहून जास्त काळ विक्रेते बसत आले, तो बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही या कायद्याची अनुसूची सांगते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार किंवा आपल्याकडचे कितीतरी आठवडे बाजार आठवले, की या तरतुदीचं मोल कळतं.

तेव्हा जागा आखणं हाच मार्ग उरतो. किती फुटांची पट्टी, कोणत्या वेळेला, दुकानाच्या पायरीपासून किती अंतर, चालणाऱ्याला किती. आणि दुकानदारानेही आपला माल पायरीच्या आत घ्यायचा. बहुतेक पेठांत रस्ता आधी दुकानांच्याच स्टँडांनी आणि पत्र्यांनी खाल्लेला असतो, हे बोलायला आपण कचरतो.

मग सरळ वाहनबंदीच का नको?

काही ठिकाणी ती उत्तम चालली, काही ठिकाणी अंगाशी आली.

अमेरिकेतल्या कलामाझू शहराने १९५९ मध्ये मुख्य रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी केला. ते तिथलं पहिलं मोठं उदाहरण, पुढे कित्येक शहरांनी तेच केलं. बहुतेकांची दुकानं हळूहळू ओस पडली. कलामाझूनेही १९९८ मध्ये गाड्यांना पुन्हा वाट दिली. त्या पेठांत राहणारी माणसं उरली नव्हती आणि गाडीशिवाय तिथे पोचायची सोयही नव्हती.

उलट स्पेनमधल्या पाँतेवेद्रात, साधारण ८३ हजार वस्तीच्या शहरात, १९९९ पासून मध्यभाग चालणाऱ्यांसाठी मोकळा केला आणि तो गजबजला. तिथे लोक मध्यभागातच राहत होते. माल आणायला ठरावीक वेळी गाड्यांना परवानगी राहिली. काठावर फुकट वाहनतळ झाले. पालिकेने एक नकाशा काढला, मेट्रोच्या नकाशासारखा, पण त्यात कुठून कुठे चालत किती मिनिटं लागतात ते दाखवलं. वाहनतळ ‘लांब’ आहे ही समजूत त्या नकाशाने मोडली.

आपल्या देशात गंगटोकचा एमजी मार्ग बघावा. लाखभर वस्तीच्या त्या डोंगरी शहराने मुख्य बाजाररस्ता पादचारी केला, तिथे थुंकायला आणि कचरा टाकायला बंदी घातली, मुख्य म्हणजे ती पाळायला लावली.

आपल्या पेठा पाँतेवेद्राच्या जवळच्या आहेत. अरुंद, आटोपशीर, अजून थोडीफार वस्ती असलेल्या. तरी एकदम कायमची बंदी करू नये. आधी रविवारी संध्याकाळी, मग सणाच्या आठवड्यात, रुग्णवाहिका आणि वृद्धांच्या रिक्षा सोडून. दुकानदारांना गल्ल्यातला फरक दिसला की पुढची बैठक वेगळी होते.

सगळं ऑनलाइन मिळतं, पेठ वाचवून करायचं काय?

मोबाइलचं कव्हर ऑनलाइन येईल. लग्नाचा बस्ता, दागिन्याची डागडुजी, मापाचा ब्लाउज, चाखून घ्यायचा पेढा येत नाही. पेठेत शिंपी, घड्याळजी, भांड्यांना कल्हई करणारा यांची रोजीरोटी आहे, आणि तिथे दुकान नसलेल्यालाही बसता येतं.

नगरपरिषदेच्या हिशेबातही पेठ फायद्याची असते. अमेरिकेतल्या ॲशव्हिल शहरात एकेका एकरामागे किती कर मिळतो ते मोजलं, तेव्हा मध्यभागातली जुनी बहुमजली इमारत शहराबाहेरच्या मोठ्या दुकानापेक्षा कित्येक पटींनी जास्त कर देताना आढळली. तिथे पाइप, गटार, रस्ता आधीच आहे. बायपासला नवी वस्ती झाली की तिथे हे सगळं नव्याने न्यावं लागतं आणि कायम सांभाळावं लागतं.

भाडी वाढली तर जुनेच लोक हुसकले जातील ना?

हा आक्षेप सगळ्यांत खरा आहे. पेठ सुधारली की पागडीवाल्याला कायद्याचं संरक्षण असतं, पण लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, बसलेल्या छोट्या धंद्याला नसतं. कॅफे आणि ब्रँडची दुकानं आली आणि चपला शिवणारा गेला, तर ती पेठ परक्यांसाठी सजवल्यासारखं होईल. यावर खात्रीचा इलाज मला माहीत नाही. नगरपरिषदेच्या मालकीचे गाळे हे एक हत्यार आहे. ते सर्वांत जास्त बोलीला न देता काही गाळे दुरुस्ती आणि कारागिरीच्या धंद्यांसाठी राखून ठेवता येतील. वरचे मजले राहण्याजोगे करणाऱ्या मालकाला करात काही वर्षांची सवलत मिळावी, पण खालचा भाडेकरू टिकवण्याच्या अटीवर. पेठा वसवतानाच्या त्या जुन्या करमाफीच्या कौलामागची कल्पना याहून फार वेगळी नव्हती.

नव्या कारभाऱ्यांकडे काय मागायचं

सुशोभीकरणाचा ठराव येईल तेव्हा तीन गोष्टी विचारा. या पेठेची जबाबदारी असलेल्या एका माणसाचं नाव काय? पुढची पाच वर्षं देखभालीचा पैसा कोणत्या खात्यातून येणार? आणि आज पेठेत किती माणसं येतात?

तिसऱ्याचं उत्तर बहुधा कोणाकडेच नसेल, आणि ते मिळवणं सगळ्यांत स्वस्त आहे. पेठेची दोन टोकं आणि मधला चौक अशा तीन जागा ठरवायच्या. एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस घ्यायचा. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत दर तासाला दहा मिनिटं येणारी-जाणारी माणसं मोजायची, बायका वेगळ्या मोजायच्या, गाड्या कोणाच्या आणि किती वेळ उभ्या ते लिहायचं, बंद शटर आणि बंद वरचे मजले मोजायचे. गावातल्या कॉलेजची पोरं हे आनंदाने करतील. तो तक्ता असोसिएशनच्या आणि नगरपरिषदेच्या फलकावर लावायचा, आणि दर सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच वेळांना पुन्हा मोजायचं.